ग्योटेचा ‘तास्सो’ कंटाळवाणा वाटतोय त्यांच्यासाठी

प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणाऱ्यांचं जर्मन बी-टू (म्हणजे मधली-वरची पातळी) झालंय, एम.ए.ला जर्मन लेखक ग्योटेचं ‘टोर्क्वाटो तास्सो’ हे सोळाव्या शतकातल्या इटालियन कवी तास्सोवरचं नाटक लागलंय, आणि ग्रुपमधल्या चौघांना घेऊन त्याचं मराठीत दीडेक तासाचं अभिवाचन करायचं डोक्यात आहे. अडचण अशी की दोनदा वाचून झालं तरी ‘यात काही घडतच नाही, पाच माणसं बागेत उभी राहून सुंदर सुंदर बोलतात आणि शेवटी एकजण रडतो’. शिवाय तास्सो खरंच वेडा की त्याला वेडा ठरवलं, आणि आंतोनिओला, म्हणजे ड्यूकच्या दरबारातल्या मुत्सद्द्याला, व्हिलन करायचं का, हेही विचारलंय.

मी पंचवीसेक वर्षं जर्मन शिकवतेय आणि हे नाटक वर्गात, घरी, एकदा गच्चीवर असं बऱ्याच वेळा मोठ्यानं वाचून घेतलंय, त्या जोरावर लिहितेय. आधी कबूल करते की पहिली पाच-सहा वर्षं मी ते चुकीचंच शिकवलं. संवेदनशील कवी एकीकडे, रुक्ष सरकारी माणूस दुसरीकडे, आणि बिचाऱ्या कवीचा चुराडा. मुलांना ते लगेच कळायचं आणि लगेच कंटाळाही यायचा, कारण एकदा हे ठरवलं की साडेतीन हजारांच्या आसपास ओळी वाचायचं कारणच उरत नाही.

तर खरी अडचण ‘काही घडत नाही’ ही नाहीये असं मला वाटतं. यात जे घडतं ते सभ्य भाषेच्या आत घडतं, आणि आपण परक्या भाषेत वाचताना शब्दांचे अर्थ लावण्यात इतके गुंततो की कुठल्या वाक्यानं कोणाला ओरखडा गेला हे निसटून जातं. आपल्याच घरात लग्नाच्या बैठकीत ‘नाही हो, मुलीकडच्यांनी खूपच केलं, आम्हाला एवढी सवय नाही’ असं कोणी म्हणालं तर आपल्याला बरोब्बर कळतं ना काय झालं ते, तसं इथे कळत नाही. आंतोनिओचं पहिल्या अंकातलं एक वाक्य बघा. तो रोमहून पोपकडचं अवघड राजकीय काम फत्ते करून आलाय, दमलाय, आणि येऊन बघतो तर तास्सोच्या डोक्यावर लॉरेलचा मुकुट. तो म्हणतो, बक्षीस देताना ड्यूक आल्फोन्सो हात आखडत नाहीत, उलट प्रमाणच सोडतात, हे मला फार पूर्वीपासून माहीत आहे. वरवर ड्यूकची स्तुती आहे, पण आत काय आहे ते तुम्ही बघा. आणि मग तो आरिओस्तोचं, म्हणजे त्याच दरबारातल्या आधीच्या पिढीतल्या मोठ्या कवीचं, इतकं लांबलचक आणि इतकं सुंदर कौतुक करतो की समोर उभा असलेल्या ताज्या कवीबद्दल वेगळं काही बोलायची गरजच राहत नाही.

आता अभिवाचनासाठी म्हणा किंवा पेपरसाठी म्हणा, मी वर्गात एकच युक्ती वापरते. भावना, थीम, प्रतिभा विरुद्ध व्यवहार हे सगळं बाजूला ठेवा आणि तीन वस्तूंवर नजर ठेवा, मुकुट, तलवार आणि हस्तलिखित. त्या कोणाच्या हातून कोणाच्या हातात जातात तेवढं पेन्सिलनं मार्जिनमध्ये लिहीत चला.

सुरुवातच मुकुटांनी होते. इटलीतल्या फेरारा जवळचा बेलरिगुआर्दो हा उन्हाळी महाल, बाग, बागेत व्हर्जिल आणि आरिओस्तो यांचे पुतळे. ड्यूकची बहीण राजकन्या लेओनोरे लॉरेलची माळ व्हर्जिलला घालते, तिची मैत्रीण लेओनोरे सांविताले रंगीबेरंगी फुलांची आरिओस्तोला. दोघींची नावं एकच आहेत हे ग्योटेनं मुद्दाम ठेवलंय, कारण तास्सो आपल्या कवितांमधून ‘लेओनोरे’ला आळवतो ती नेमकी कुठली हे कोणालाच, कदाचित त्यालाही, उघड सांगायचं नाहीये. मग तास्सो येतो आणि ड्यूकला आपलं महाकाव्य देतो, जेरुसलेमच्या मुक्तीचं, कित्येक वर्षं लांबवलेलं. ड्यूक ते हातात घेतो आणि काय म्हणतो? शेवटी एकदाचं हे माझ्या हातात आलं, आणि ‘एका अर्थानं’ मी हे माझंच म्हणेन. ही ओळ अधोरेखित करून ठेवा, पाचव्या अंकात लागणार आहे. मग ड्यूकच्या खुणेवरून राजकन्या व्हर्जिलच्या पुतळ्यावरचाच मुकुट काढून तास्सोच्या डोक्यावर ठेवते. आणि तास्सोची प्रतिक्रिया आनंदाची नाहीये, तो मागे सरतो, हा काढून घ्या म्हणतो, यानं माझे केस जळतायत म्हणतो. काव्य दिलं, मुकुट घेतला. हिशेब झाला, पण दोघांपैकी कोणीही त्याला हिशेब म्हणत नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यातून होतो.

तलवार दुसऱ्या अंकात येते. राजकन्येनं सांगितलं म्हणून तास्सो आंतोनिओकडे मैत्री मागायला जातो, अगदी हात पुढे करून, आत्ताच्या आत्ता हवी अशी. हा प्रसंग नीट वाचलात तर तुम्हाला दोघांचाही राग येईल, तो यायलाच हवा. तास्सो मैत्री अशी मागतो जशी लहान मुलं खेळणं मागतात, आणि आंतोनिओ एवढा मुरलेला माणूस असून त्याला एका मिनिटासाठीसुद्धा मोठेपणा घेता येत नाही, उलट काही मुकुट असे असतात की चालता चालता आरामात मिळून जातात असं टोचून बोलतो. तास्सो तलवार उपसतो. महालात शस्त्र काढणं हा गंभीर गुन्हा, तेवढ्यात ड्यूक येतो. शिक्षा ऐका. खोलीत जा आणि स्वतःच स्वतःवर पहारा ठेव. म्हणजे ना बेडी ना शिपाई. ड्यूकच्या बाजूनं ही जवळजवळ माफीच आहे, पण तास्सोसारख्या माणसाला स्वतःच्याच ताब्यात देणं याच्याइतकी कठोर शिक्षा दुसरी नसेल. तो तलवार ठेवतो आणि तिच्याबरोबर मुकुटही काढून ठेवतो, जो मागितलेला नव्हता.

तो गेल्यावर ड्यूक आंतोनिओला जे सांगतो ते बरेच जण घाईत गाळतात. दोन पुरुष भांडले की जो जास्त शहाणा त्यालाच दोषी धरणं रास्त, असं तो म्हणतो. मी वर्गात विचारते, आता सांगा या दरबारात न्याय नाहीये का? आहे. ड्यूक वाईट माणूस नाही. कोणीच वाईट नाहीये, हीच तर या नाटकाची अडचण आणि हेच त्यातलं भीतीदायक.

तिसरी वस्तू हस्तलिखित, आणि माझ्या मते नाटकाचा खरा कणा हाच. पाचव्या अंकात तास्सो रोमला जायची परवानगी मागतो आणि काव्य परत मागतो, त्यात दुरुस्त्या करायच्यात, तिथल्या विद्वानांना दाखवायचंय. ड्यूक अत्यंत गोड शब्दात नाही म्हणतो. आज तर मला भेट दिलंस आणि लगेच परत नेतोस? नक्कल करून देईन लवकरच. तू जरा विश्रांती घे, तब्येतीकडे बघ, फिर. एका वर्षी माझ्या वर्गात आयटीतला एक मुलगा होता, तो इथे एकदम हसला आणि म्हणाला, मॅडम हे तर नोकरी सोडताना कोड परत मागण्यासारखं आहे, लिहिलं मी पण मालकी हक्क (आयपी) कंपनीचा. मला तेव्हा ते जरा उथळ वाटलं होतं, पण घरी जाऊन परत वाचलं तर त्या प्रसंगाच्या थोडंसंच आधी ड्यूक आंतोनिओला सांगतो की ज्या राजाभोवती गुणी माणसं नाहीत तो सैन्य नसलेल्या सेनापतीसारखा, आणि हा कवी मी शोधला, मी निवडला, माझा सेवक म्हणून मला त्याचा अभिमान आहे. फ्लोरेन्सचं मेदिची वगैरे दुसरी राजघराणी टपून बसलेली आहेतच. म्हणजे मुलगा बरोबर होता.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, वेडा की नाही. तास्सोच्या एकेक संशयाची यादी करा आणि प्रत्येकासमोर पुरावा लिहा. आंतोनिओ माझा द्वेष करतो असं त्याला वाटतं, तर तिसऱ्या अंकात आंतोनिओ स्वतः जवळजवळ कबूल करतो की त्याला दोन गोष्टींचा हेवा वाटला, मुकुटाचा आणि बायकांच्या मर्जीचा. लेओनोरे सांविताले मला फ्लोरेन्सला नेते म्हणते त्यात तिचा काही डाव आहे असं त्याला वाटतं, तर तो आहेच, ती एकटी असताना सांगते की कवी पेत्रार्कानं आपल्या लाडक्या लाउराला जसं अजरामर केलं तसं आपलंही नाव एखाद्या कवीच्या कवितेत राहावं. ड्यूकला माझं काव्य सोडायचं नाहीये, तर खरंच सोडायचं नाहीये. सुटे सुटे संशय जवळजवळ सगळे खरे. खोटं काय आहे, तर या सगळ्यांनी मिळून ठरवून माझ्याविरुद्ध कट केलाय हे. ते चौघं कुठलीही गोष्ट मिळून ठरवू शकत नाहीत हे आपल्याला दिसतंय, त्याला दिसत नाही. माझ्या अनुभवात जे विद्यार्थी ‘तो वेडा आहे’ म्हणतात ते संशयांची यादी करत नाहीत, आणि जे ‘त्याला छळलं’ म्हणतात ते कटाचे पुरावे शोधत नाहीत.

आणि तो हास्यास्पदही आहे हो, ते विसरू नका. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला आंतोनिओ त्याच्या खाण्यापिण्याचं वर्णन करतो, मसालेदार, गोड, कडक दारू, पाणी घालून सौम्य करून घे म्हटलं तर नको, मग तब्येत बिघडली की वैद्याच्या नावानं खडे फोडायचे, औषध मात्र कडू नको. श्रोते इथे हसले पाहिजेत. हसले नाहीत तर शेवटाला रडणार नाहीत.

इतिहास किती सांगायचा हा प्रश्न येतोच, म्हणून थोडक्यात. खरा तोर्क्वातो तास्सो १५४४ मध्ये सोरेंतोला जन्मला, बाप बेर्नार्दोही कवीच. १५६५ पासून एस्ते घराण्याच्या, म्हणजे फेराराच्या ड्यूकांच्या घराण्याच्या, आश्रयाला, १५७३ चं ‘आमिंता’ हे गोपनाट्य, १५७५ च्या सुमारास महाकाव्य पूर्ण, आणि मग ते धर्माच्या दृष्टीनं बरोबर आहे का, काव्यशास्त्राला धरून आहे का अशी स्वतःच्याच मागे लावून घेतलेली शंकेची कीड. १५७७ मध्ये एका नोकरावर सुरी उगारली, पळून सोरेंतोला बहिणीकडे गेला, परत आला, आणि १५७९ ते १५८६ अशी सात वर्षं फेराराच्या सांत’आन्ना रुग्णालयात कोंडून ठेवला गेला. १५९५ मध्ये रोमला सांत’ओनोफ्रिओ मठात वारला, रोमच्या कापितोल टेकडीवर त्याला मुकुट घालायचं ठरलेलं असताना तो सोहळा व्हायच्या आधीच. म्हणजे बघा, खऱ्या तास्सोला जो मुकुट मिळालाच नाही तो ग्योटे पहिल्याच अंकात देऊन टाकतो, आणि खऱ्या तास्सोची सात वर्षांची कोठडी एका दिवसाच्या खोलीबंदीवर आणतो. राजकन्येवरच्या प्रेमासाठी कोंडलं ही दंतकथा, पण युरोपभर ती इतकी चालली की कवी बायरननं, संगीतकार दोनिझेत्तीनं आणि लिस्टनं, सगळ्यांनी तिच्यावर काही ना काही केलं. ग्योटे स्वतः १६ ऑक्टोबर १७८६ ला फेराराला पोचला तेव्हा त्याला तास्सोचा तुरुंग म्हणून एक लाकूडफाट्याची की कोळशाची खोली दाखवली, त्यावर त्याचा विश्वास बसला नाही. गाइडांची जात तेव्हाही हीच.

पण ग्योटेचा स्वतःचा इतिहास मात्र सांगाच, त्याशिवाय आंतोनिओ कळत नाही. १७७५ च्या नोव्हेंबरात तो वायमारच्या ड्यूकच्या दरबारात आला, वय २६, ‘वेर्थर’ या कादंबरीचा कर्ता म्हणून गाजलेला. पुढच्या दहा वर्षांत या माणसानं काय केलं तर इल्मेनाऊच्या खाणी, रस्ते, सैन्यभरती, १७८२ पासून तिजोरी. ‘तास्सो’ सुरू केलं १७८० मध्ये, गद्यात, दोन अंक झाले आणि अडलं. सप्टेंबर १७८६ मध्ये तो कोणाला न सांगता कार्ल्सबादहून इटलीला निघून गेला, १७८८ च्या जूनमध्ये परतला, नाटक पद्यात नव्यानं लिहून १७८९ मध्ये संपवलं आणि १७९० ला छापलं. म्हणजे सकाळी आंतोनिओ आणि रात्री तास्सो असा हा माणूस. म्हातारपणी त्यानं आपली संभाषणं टिपून ठेवणाऱ्या एकरमानला हे नाटक म्हणजे माझ्या हाडाचं हाड, मांसाचं मांस असं सांगितलं, आणि त्याला ‘वरच्या पट्टीतला वेर्थर’ म्हणणाऱ्या फ्रेंच टीकाकाराला दुजोराही दिला.

अजून एक गोष्ट मला सोडवत नाही. १७७६ मध्ये त्याचा जुना मित्र, कवी लेन्झ, वायमारला आला होता. हुशार, लहरी, दरबारात कसं वागावं याचा पत्ता नाही. वर्षअखेर त्यानं काहीतरी आगळीक केली, नेमकी काय ते कुठेच नोंदलेलं नाही, ग्योटेच्या डायरीत फक्त ‘लेन्झचा गाढवपणा’ एवढंच आहे, आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवशी त्याला गाव सोडायला लावलं. ते घडवून आणणाऱ्यांत ग्योटे होता. लेन्झ पुढे १७९२ मध्ये मॉस्कोत रस्त्यावर मेलेला सापडला. लेन्झला घालवल्यावर चारच वर्षांनी, दरबारातून निघायला लागलेल्या कवीवर नाटक सुरू करणारा माणूस हे विसरला असेल असं मला वाटत नाही, अर्थात हे माझं मत, परीक्षेत लिहिताना ‘असं म्हणता येईल’ लावा.

आता भाषा. यमक नसलेल्या पाच ठेक्यांच्या ओळी आहेत, नाटककार लेसिंगनं १७७९ च्या ‘नाथान’मध्ये वापरलेलं तेच वृत्त. डोळ्यांनी वाचलं तर झोप येते, मोठ्यानं वाचलं तर वाक्य ओळ ओलांडून कुठे जातं आणि कुठे धाप लागून थांबतं ते कळतं. तास्सोचा ठेका कधी धावतो आणि आंतोनिओचा कसा हलत नाही ते कानालाच कळतं. बी-टूवर हे झेपेल का, तर एकट्यानं नाही, दोघांनी मिळून रोज एक प्रसंग घेतला तर झेपतं. रेक्लाम प्रकाशनाची पिवळी स्वस्त प्रत घ्या, मागे टिपा असतात. आधी दुसऱ्या अंकाचा पहिला प्रसंग, मग तिसरा, मग पाचव्याचा दुसरा, आणि मगच सुरुवातीपासून. पुतळे आणि माळांपासून सुरुवात करणारे बरेच जण पुतळ्यांपाशीच राहतात.

दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रसंगात ती सुप्रसिद्ध दोन वाक्यं आहेत. तास्सो सुवर्णयुगाचं वर्णन करतो, तेव्हा प्रत्येक पक्षी, प्रत्येक जनावर माणसाला सांगायचं, ‘एरलाउप्ट इस्ट, वास गेफेल्ट’, जे आवडतं त्याला मुभा आहे. राजकन्या एकच शब्द बदलते, ‘एरलाउप्ट इस्ट, वास झिश त्सीम्ट’. गंमत अशी की पहिलं वाक्य खऱ्या तास्सोच्या ‘आमिंता’तल्या समूहगीतातलं आहे आणि राजकन्येचं उत्तर हे खऱ्या तास्सोच्याच दरबारातला प्रतिस्पर्धी ग्वारीनी यानं आपल्या नाटकात त्याला दिलेलं उत्तर आहे. म्हणजे बिचारा आपल्याच ओळीनं सुरुवात करतो आणि प्रेमानं बोलणाऱ्या बाईच्या तोंडून प्रतिस्पर्ध्याची ओळ ऐकतो. आता ‘झिश त्सीमेन’ला मराठीत काय करायचं? योग्य, उचित, शिष्टसंमत असं बरंच करून बघितलं, सगळं सरकारी परिपत्रक वाटायला लागलं. शेवटी एका विद्यार्थिनीनं ‘शोभतं’ सुचवलं आणि प्रश्न मिटला. जे रुचतं ते चालतं, आणि जे शोभतं ते चालतं. ‘शोभतं का हे तुला?’ हे वाक्य लहानपणी ज्यानं ऐकलंय त्याला राजकन्या एका क्षणात कळते. तिचा आवाज चढलेला नाही, रागही नाही, पण आपण पुढे टाकलेलं पाऊल मागे घेतो.

मराठीत तुमच्यासमोर अजून एक अडचण येणार, ती आधीच सांगते. मूळ नाटकात ही माणसं एकमेकांना ‘डू’, म्हणजे ‘तू’, म्हणतात, तास्सो ड्यूकलासुद्धा, पद्यनाटकाची ती रीत आहे. मराठीत तास्सोनं राजकन्येला ‘तू’ म्हटलं तर पहिल्याच मिनिटाला सगळं उघडं पडेल, आणि ‘आपण’ म्हटलं तर ऐतिहासिक सिरियल होईल. आम्ही ‘तुम्ही’ ठेवलं आणि प्रत्येकानं ठरवायचं की कुठल्या ओळीला तो ‘तू’वर घसरतो. आंतोनिओबरोबरच्या भांडणात तलवारीच्या आधी दहा-बारा ओळींवर, आणि राजकन्येबरोबर फक्त एकदा, पाचव्या अंकात, मिठी मारण्याच्या अगदी आधी. हे ठरवायला आम्हाला दोन शनिवार लागले, आणि त्या दोन शनिवारांत जेवढं नाटक कळलं तेवढं त्याच्या आधीच्या सगळ्या तासांत कळलं नव्हतं.

आंतोनिओ व्हिलन का, याचं उत्तर आतापर्यंत तुम्हाला मिळालं असेल. वाचनात त्याला कडक, कोरडा आवाज देऊ नका, दमलेला आवाज द्या, प्रवासातून आलेला. अर्थात हे तुम्ही कुठली बाजू घेता यावर आहे. दिग्दर्शक पेटर श्टाइननं १९६९ मध्ये ब्रेमेनला केलेला प्रयोग गाजला तो, कलावंत हा सत्तेच्या दिवाणखान्यातलं पाळलेलं करमणुकीचं जनावर आहे अशा अंगानं, ब्रुनो गान्झ त्यात तास्सो होता. त्या काळात, त्या देशात ते बरोबरच होतं. तुमच्या ग्रुपला तसं करायचं असेल तर ड्यूकच्या ओळी ठेवा आणि लेओनोरे सांवितालेच्या कापा. मला विचाराल तर उलट करा. पूर्ण नाटक वाचायला आम्हाला चहासकट चार तास लागले होते, दीड तासात बसवायचं तर चौथा अंक निम्मा जाईल, तिसऱ्यातली राजकन्येची आजारपणाची आठवण राहू द्या, आरिओस्तोचं कौतुक थोडं कापा पण पूर्ण काढू नका. कंटाळा येतो म्हणून कापू नका, तास्सोलाही तिथे ते ऐकावंच लागतं.

(आपल्याकडे ग्योटे म्हटलं की शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला एवढंच सांगतात. तो नाचला की नाही देव जाणे, पण शाकुंतल त्यानं वाचलं ते १७९१ मध्ये, हे नाटक छापून झाल्यावर, त्यामुळे पेपरमध्ये त्याचा प्रभाव वगैरे शोधू नका, दरवर्षी एकजण शोधतो.)

दोन जागा मात्र कुठल्याही परिस्थितीत कापायच्या नाहीत. एक, ड्यूक विश्रांती घे म्हणतो तेव्हा तास्सोचं रेशीमकिड्याचं उत्तर, तो कातत कातत मरणाच्या जवळ चाललाय म्हणून त्याला कातायला मनाई करणार का. दुसरी, त्याच अंकात राजकन्येसमोर तो एकदम लहान होऊन म्हणतो की तुमच्या कुठल्यातरी दूरच्या, विसरलेल्या महालात मला राखणदार ठेवा, मी झाडं सांभाळीन, शरदात लिंबाच्या झाडांना फळ्यांनी आणि कौलांनी झाकीन. युरोपातला सगळ्यात नावाजलेला कवी माळ्याची नोकरी मागतोय, आणि ती मागणी इतकी तपशीलवार आहे की थंडीत लिंबं कशी वाचवायची हेसुद्धा त्याला माहीत आहे. माझ्या वाचनात इथे आवाज फुटतो, दरवेळी.

मग मिठी, ती त्याला ढकलते, ‘हिनवेक’, दूर हो, आणि निघून जाते. ड्यूक आंतोनिओबरोबर तिथे येऊन पोचलेलाच असतो. तो एकच ओळ बोलतो, हा भ्रमिष्ट झालाय, ‘हाल्ट ईन फेस्ट’, धरून ठेव त्याला. आणि जातो. हा ‘फेस्ट’ शब्द आता कानात ठेवा, घट्ट, पक्का. थोड्याच वेळात तास्सो ओरडतो की बळीच्या पशूसारखं मला सजवलं, आणि माझं एकुलतं एक धन, माझी कविता, गोड बोलून काढून घेतली आणि ‘हील्ट एस फेस्ट’, धरून ठेवली. पहिल्या अंकात ड्यूकच्या हातात आलेलं ते काव्य आठवतंय ना. बाहेर गाड्या निघून जातात, स्टेजवर दोघंच उरतात. माणूस यातनेत मुका होतो पण मला एका देवानं माझं दुःख सांगायची वाणी दिली, असं तो म्हणतो, आणि तेव्हा आंतोनिओ जवळ येऊन त्याचा हात हातात घेतो. बोलत काही नाही. आणि अगदी शेवटची ओळ, बुडणारा खलाशी शेवटी त्याच खडकाला घट्ट धरतो, ‘आम फेल्झन फेस्ट’, ज्यावर आपटून त्याला फुटायचं होतं.

आता तुम्ही ठरवायचं की आंतोनिओ हात का धरतो. मैत्री म्हणून, जी दुसऱ्या अंकात मागितली होती आणि मिळाली नव्हती? की ड्यूक जाताना सांगून गेलाय म्हणून? अभिवाचनात हात दिसणार नाहीये, त्यामुळे ते शेवटच्या ओळीआधीच्या शांततेत ऐकू यायला हवं. आमच्याकडे आंतोनिओ वाचणाऱ्यानं तिथे फक्त पुस्तक मिटलं होतं. तुमचं काय ठरतं ते इथे नक्की लिहा, आणि तू-तुम्हीचं कोष्टक केलंत तर तेही टाका.